चकाकी डब्यात नाही, घोटाईत असते

भाऊ, सीलर (फरशीवर मारायचा पारदर्शक लेप) मारला की सिमेंटची फरशी चमकते असं तुला वाटते ना, तिथंच चुकून राह्यला तू. अर्धी चमक तर घोटाईतच येते. ओव्हरले (जुन्या फरशीवरचा सिमेंटचा पातळ थर) टाकल्यावर वर आलेलं पाणी जाऊ दे, अंगठा दाबून पाह्य, हलका ठसा उमटला पण बोटाले माल लागला नाही की मंग स्टीलचा गुरमाळा (घोटाची सपाट थापी) घे, पयले जवळपास सपाट फिरव अन मंग दर फेरीले थोडा तिरपा करत जोर वाढव. पाणी दिसते म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरू नको, पापुद्रा सुटते.

सीलरच्या आधी दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूनं टेप लावून निदान सोळा तास ठेव. खालून घाम आला तर अजून थांब, आपल्या काळ्या मातीत ओल लय दिवस राह्यते.

अन सीलरचा कोट पातळ, दोनदा, सकाळी उन्हाच्या आधी. मी मे महिन्यात भर दुपारी ओसरीत मारला होता, साबुदाण्यासारखे फुगे आले बाप्पा, अख्खी ओसरी घासावी लागली.