'यादवी' की 'गृहयुद्ध'? अमेरिकेतील युद्ध आणि त्याचे पुतळे

प्रश्न : अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात गुलामगिरीवरून जे युद्ध झाले, त्याला मराठीत 'यादवी' म्हणावे की 'गृहयुद्ध'? एका लेखाच्या अनुवादात मी 'यादवीत कामी आलेल्यांची स्मारके हटवली' असे वाक्य लिहिले होते. संपादकांनी त्यातील 'यादवी' आणि 'स्मारके' हे दोन्ही शब्द बदलायला सांगितले. त्यांचे म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : संपादकांचे म्हणणे मला पटते. 'यादवी' हा शब्द अशुद्ध किंवा अप्रचलित आहे, असे मात्र कोणी समजू नये. एकाच राज्यातले किंवा एकाच पक्षातले लोक आपसात लढू लागले की 'यादवी माजली' असे आपण सहज म्हणतो, आणि अमेरिकेतील या युद्धालाही मराठीत 'यादवी युद्ध' म्हणण्याची जुनी वहिवाट आहे. अडचण आहे ती या शब्दाच्या पोटात दडलेल्या कथेची.

महाभारताच्या मौसलपर्वात प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीत यादव एकमेकांवर तुटून पडतात, हाती आलेल्या एरका गवताची मुसळे होतात आणि सारे कुळ लयाला जाते. म्हणून 'यादवी' म्हटले की तीन गोष्टी आपोआप गृहीत धरल्या जातात : लढणारे सारे एकाच कुळातले, भांडणाला म्हणावे तसे कारण नाही, आणि दोष दोन्ही बाजूंना सारखाच. (त्या कलहाची ठिणगी पडते तीदेखील कुरुक्षेत्रावरच्या जुन्या युद्धाच्या आठवणीवरूनच. झोपलेल्यांना मारल्याबद्दल सात्यकी कृतवर्म्याला टोचून बोलतो आणि कृतवर्मा त्याला भूरिश्रव्याच्या वधाची आठवण करून देतो.) अमेरिकेतील युद्धाला यांपैकी एकही गोष्ट लागू पडत नाही. तेथे कारण होते आणि ते लढणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने संघराज्यातून फुटताना, जानेवारी १८६१ मध्ये, आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप असल्याचे जाहीर केले. अशा फुटलेल्या दक्षिणेतल्या राज्यांच्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये सव्हाना येथे भाषण केले आणि कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हेच आपल्या नव्या सरकारच्या पायाचे दगड असल्याचे सांगितले. कुळाच्या बाबतीत तर हा शब्द अधिकच चुकतो, कारण ज्यांच्या सुटकेचा प्रश्न होता त्या सुमारे ४० लाख माणसांना कायदा मालमत्ता मानत होता. 'भाऊ भावाशी लढला' असे म्हणताना हे ४० लाख लोक आणि उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, सैन्यात भरती झालेले सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक चित्रातून निघून जातात.

चित्रातून त्यांना वगळण्याचे काम अमेरिकेत प्रयत्नपूर्वक झाले, आणि त्याची सुरुवात नाव बदलण्यापासून झाली. वॉशिंग्टनच्या सरकारने युद्धाची कागदपत्रे छापताना त्यांना 'बंडाचे युद्ध' असे नाव दिले होते. १८६१ साली पायाच्या दगडाची भाषा करणाऱ्या याच स्टीफन्स यांनी युद्ध हरल्यावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात मात्र 'राज्याराज्यांमधील युद्ध' असा शब्दप्रयोग केला. जणू काही वाद फक्त राज्यांच्या अधिकारांचा होता. १८९४ साली स्थापन झालेल्या 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' ('कॉन्फेडरसी' म्हणजे फुटलेल्या राज्यांचा संघ) या स्त्रियांच्या संघटनेने हेच नाव रूढ करण्याचा आग्रह धरला, शाळांच्या पाठ्यपुस्तकांवर नजर ठेवली आणि दक्षिणेतल्या गावोगावी पुतळे उभारले. हरलेली बाजू नैतिक दृष्ट्या उजवीच होती, ती केवळ संख्याबळामुळे हरली, अशी ही मांडणी. इतिहासकार तिला 'लॉस्ट कॉज' (हरलेले ध्येय) या नावाने ओळखतात.

उत्तरेनेही ती हळूहळू मान्य केली, ही मला सर्वांत दुःखद गोष्ट वाटते. जुलै १९१३ मध्ये या युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षे झाली, तेव्हा दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिक तेथे एकत्र आले आणि राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी आपण पुन्हा भाऊ झालो, भांडण विसरलो, असे उद्गार काढले. त्याच वर्षी त्यांच्या सरकारच्या खात्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्याची पद्धत पसरत होती. भावाभावांतले विसरलेले भांडण, म्हणजे नेमकी 'यादवी'. मराठी लेखक हा शब्द निरागसपणे वापरतो हे मला मान्य आहे, परंतु तो वापरताच नकळत त्या वादातील एका पक्षाची भाषा बोलू लागतो.

मराठीला या युद्धाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी उसनी आणावी लागत नाही. युद्ध संपून आठच वर्षे झाली होती, तेव्हा, म्हणजे १८७३ साली, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही इच्छाही त्या अर्पणपत्रिकेत आहे. जोतीरावांना त्या युद्धात दिसली ती गुलामांची सुटका, भाऊबंदकी नव्हे.

म्हणून 'गृहयुद्ध' हा शब्द मी सुचवीन. एका राष्ट्राच्या हद्दीत झालेले युद्ध एवढेच तो सांगतो. कारण सांगण्याचे काम तो करत नाही, आणि ते त्याने करावे अशी अपेक्षाही नाही. लेखात पहिल्यांदा उल्लेख येईल तेथे 'गुलामगिरीच्या प्रश्नावरून झालेले गृहयुद्ध' असे लिहावे, पुढे नुसते 'गृहयुद्ध' पुरेल.

आता 'स्मारके'. हा शब्द सरसकट चुकीचा नाही, पण फार सैल आहे. मृतांची आठवण म्हणून दफनभूमीत उभारलेल्या शिळेला स्मारक म्हणण्यास काहीच हरकत नाही. तथापि वादाचा विषय झाले ते प्रामुख्याने न्यायालयांसमोरचे, हमरस्त्यांवरचे आणि विद्यापीठांच्या आवारातले पुतळे, आणि त्यांपैकी बरेचसे युद्धानंतर काही दशकांनी उभे राहिले, म्हणजे दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला जात होता त्या काळात. व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड येथील, फुटीर राज्यांचे सेनापती रॉबर्ट ली यांचा अश्वारूढ पुतळा १८९० सालचा, त्याच राज्यातल्या शार्लट्सव्हिलचा त्यांचा पुतळा १९२४ सालचा. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या चॅपेल हिलच्या विद्यापीठातील फुटीर सैन्याच्या सैनिकाच्या पुतळ्याचे अनावरण १९१३ साली झाले, तेव्हा ज्यूलियन कार या उद्योगपतीने, युद्ध संपल्यावर त्याच परिसरात एका कृष्णवर्णीय स्त्रीला आपण चाबकाने फोडून काढले होते, असे भर सभेत अभिमानाने सांगितले. हे ऐकल्यावर तो पुतळा केवळ मृतांच्या स्मरणासाठी होता असे कोणी म्हणू शकेल असे मला वाटत नाही. स्वतः ली यांनी १८६९ साली गेटिसबर्गच्या रणभूमीवर स्मृतिस्तंभ उभारण्याच्या कामात सहभागी होण्यास नकार दिला होता. युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत, असे त्यांचे मत होते. तेव्हा जेथे पुतळा आहे तेथे 'पुतळा' म्हणावे, आणि तो कोणाचा, कोणी व कधी उभारला हे शक्यतो त्याच वाक्यात सांगावे.

आपल्या वाक्यातील 'कामी आलेल्यांची' हा शब्दप्रयोग संपादकांनी तसाच ठेवला, पण तोही येथे बसत नाही. 'कामी येणे' म्हणजे लढाईत मरण येणे. ज्यांच्या पुतळ्यांवरून वाद झाला त्यांपैकी ली १८७० साली घरी वारले, तर फुटीर राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस १८८९ पर्यंत जगले.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. शार्लट्सव्हिलचा पुतळा नगर परिषदेच्या निर्णयानुसार जुलै २०२१ मध्ये आणि रिचमंडचा राज्य सरकारच्या निर्णयानुसार, न्यायालयाचा निकाल लागल्यावर, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काढला गेला. या दोहोंसाठी 'हटवला' हे क्रियापद योग्य आहे. रिचमंडमधलाच जेफरसन डेव्हिस यांचा पुतळा जून २०२० मध्ये आणि चॅपेल हिलचा ऑगस्ट २०१८ मध्ये निदर्शकांनी खाली ओढला, तेथे 'पाडला' असेच लिहायला हवे. या सर्वांसाठी 'विटंबना' हा शब्द बातम्यांत काही वेळा वाचायला मिळतो. तो टाळावा, कारण विटंबना पूज्य वस्तूची होते, आणि हे पुतळे पूज्य होते की नव्हते हाच तर तेथील लोकांचा वाद आहे.