गणित सोडू का? जीवशास्त्र ठेवू का?

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या विषयांबद्दलच्या पत्रांचा ढीग पडतो. बहुतेक पत्रांत 'कोणता विषय सोपा?' असंच विचारलेलं असतं. आमचा आग्रह आहे की आधी बारावीनंतरचा प्रवेश कोणते विषय मागतो ते पाहा, मग अकरावीचा अर्ज भरा.

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमातून दहावी झाली. विज्ञान शाखा नक्की आहे, पण डॉक्टर की इंजिनिअर हे ठरत नाही. चारही विषय घ्यावेत की जीवशास्त्राऐवजी कॉम्प्युटर सायन्स?
*एक पालक, निफाड*

ठरत नसेल तर पीसीएमबी, म्हणजे भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय घ्या. इंजिनिअरिंगला भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचं असतं. तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा मान्य यादीतला दुसरा कोणताही चालतो. या तिन्हींत मिळून ४५ टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४०. एमबीबीएसला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. त्या तीन विज्ञान विषयांत मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४०. बी. फार्म. आणि बी. एस्सी. कृषीला गणिताचा गटही चालतो आणि जीवशास्त्राचाही. तुमच्या तालुक्यात शेती घरचीच असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

कॉम्प्युटर सायन्स हा २०० गुणांचा द्विलक्षी (बायफोकल) विषय आहे. तो घेतला की दुसरी भाषा जाते आणि गणित ठेवणाऱ्यांचं जीवशास्त्रही जातं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला तो लागतो हा गैरसमज आहे. त्या प्रवेशाला पीसीएम पुरतं. विषय चांगला आहे, पण तुमच्या मुलीचं अजून ठरलेलं नाही आणि तो घेतला तर 'नीट'ची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, वाट बंद होते. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देण्याची मुभा २०२३ पासून आहे खरी, पण त्यात वर्ष जातं.

चारही विषय दोन वर्षं सारख्याच जोराने ओढू नका. दिवाळीपर्यंत कल ओळखा आणि मागे पडलेला चौथा विषय फक्त बोर्डापुरता करा. सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा. तिच्या पीसीएम आणि पीसीबी या वेगवेगळ्या परीक्षा आहेत. दोन्ही देता येतात, पण तयारी एकीचीच नीट होते.

माध्यमाचं काम या सुट्टीतच उरका. नववी-दहावीच्या विज्ञानातल्या संज्ञा वहीत समोरासमोर लिहायला सांगा : विस्थापन आणि डिस्प्लेसमेंट, संवेग आणि मोमेंटम, संयुजा आणि व्हॅलन्सी. मराठी माध्यमाच्या मुलांना 'चाल' आणि 'वेग' यांतला फरक पक्का माहीत असतो. तरी इंग्रजी पुस्तकात 'व्हेलॉसिटी' दिसली की ती तिचा अर्थ 'स्पीड' असाच घेतात आणि गणित चुकतं. संकल्पना येत असते, शब्द अडवतो. 'नीट' आणि जेईई मेन (देशपातळीवरची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा) मराठीतून देता येतात. सीईटीतही भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीत मिळतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. म्हणून गणिताची उदाहरणं पहिल्या दिवसापासून इंग्रजीत वाचून सोडवायची.

प्रश्न : क्लासवाले म्हणतात, 'कॉलेजात फक्त नाव घाला, बारावीचे गुण आता कुणी विचारत नाही.' खरं आहे का?
*एक वडील, सिडको*

अर्धवट खरं आहे, आणि त्यामुळेच घात होतो. राज्यातल्या इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर (किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत त्यावर) लागते, पण वर सांगितलेल्या ४५ आणि ५० टक्क्यांच्या अटी राहतातच. जेईई मेनवरून एनआयटीत (केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थेत) जायचं तर बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव असावं लागतं. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि ती कॉलेजच्या प्रयोगशाळेतच होतात. बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अटही आहे. क्लासचं वेळापत्रक हाती घ्या आणि प्रॅक्टिकलला कोणता वार मोकळा आहे ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर पैसे भरू नका.

दुसरी अडचण अभ्यासक्रमाची, आणि ती फार थोड्या पालकांना कुणी सांगतं. जेईई आणि 'नीट'चा रोख एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पुस्तकांकडे असतो. तिथे घूर्णन गती, उष्मागतिकी, दोलनं ही प्रकरणं अकरावीत आहेत. आपल्या बोर्डात तीच बारावीच्या भौतिकशास्त्रात येतात. म्हणजे क्लास एका क्रमाने चालतो आणि कॉलेज दुसऱ्या. मूल दोन्हीकडे अर्धवट राहतं आणि घरी मात्र 'अभ्यास झालाय' असं सांगतं. दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून कोणतं प्रकरण कुठे आणि कधी होणार याचा एक तक्ता करा. तास-दीड तासाचं काम आहे.

अकरावी विश्रांतीची समजू नका. सीईटीत तिचा वाटा सुमारे २० टक्के, जेईई आणि 'नीट'मध्ये जवळपास निम्मा. सीईटीला उणे गुण नाहीत, तिथे एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. 'नीट'मध्ये बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ वजा. दोन्ही परीक्षांचे सराव पेपर वेगवेगळ्या दिवशी सोडवा, नाहीतर एकीची सवय दुसरीत नडते.

प्रश्न : कॉमर्सला मॅथ्स घेऊ की एस. पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)? सी. ए. करायचा विचार आहे.
*एक विद्यार्थिनी, सिन्नर*

मॅथ्स घे. सी. ए. फाउंडेशनला, म्हणजे सी. ए.च्या पहिल्या परीक्षेला, १०० गुणांचे चार पेपर असतात आणि त्यांतला एक गणित, संख्याशास्त्र आणि तर्कशक्तीचा. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के हवेत. शिवाय वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. एस. पी. घेतलेली मुलंही पास होतात, पण गणिताला दोन वर्षं हात न लावता थेट या पेपराला बसणं जड जातं. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं मनात आलं, तर तिथेही गणित लागतं. दहावीला गणितात जेमतेम पास झाली असशील आणि साधं बी. कॉम. करायचं असेल, तर एस. पी. घेण्यात कमीपणा नाही. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घ्यायची का, हे तुझ्या आवडीवर. तिची परीक्षा संगणकावर होते.

प्रश्न : ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम कसा भरायचा?
*एक पालक, पंचवटी*

पहिल्या क्रमांकावर फक्त तेच कॉलेज टाका, जिथे नक्की जायचं आहे. पहिली पसंती मिळून प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. एकाच कॉलेजच्या अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या यादीत वेगळ्या दिसतात, फीमध्ये मोठा फरक असतो. क्रम भरण्याआधी तुकडी बघा. हवा तो द्विलक्षी विषय तिथे आहे का आणि त्याच्या जागा किती, हे कॉलेजात जाऊन विचारा.

प्रश्न : जात पडताळणीची घाई आत्ताच करायची का?
*एक आई, सातपूर*

हो. अकरावीत कॉलेजमार्फत अर्ज करा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणाऱ्यांच्या हाती प्रवेशाच्या तारखेपर्यंत प्रमाणपत्र पडत नाही. आधी आजोबा-वडिलांचे शाळा सोडल्याचे जुने दाखले शोधा. त्यांत नावाच्या किंवा जातीच्या नोंदीत फरक निघाला, तर प्रकरण लांबतं. बारावीनंतरच्या प्रवेशाचं नॉन-क्रिमीलेअर (कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) मात्र आत्ता काढून उपयोग नाही. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं.