तोंडाचा कॅन्सर : मानेतल्या गाठी आधीच का काढायच्या?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, तंबाखू खायचे. डाव्या गालात आतून दोन सेंटिमीटरची जखम होती, बायॉप्सीत कॅन्सर निघाला. मानेच्या सोनोग्राफीत काही नाही. तरी सर्जन म्हणतात, गालासोबत मानेतल्या गाठीही (प्रत्येकाच्या मानेत असणाऱ्या लसिका ग्रंथी) काढू. थांबून पाहिलं तर?

उत्तर : थांबू नका. नेमका हाच प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तपासला. मानेत गाठ हाताला लागत नाही अशा सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे त्यांनी चिठ्ठीपद्धतीने दोन गट केले : एकात मानेची शस्त्रक्रिया लगेच, दुसऱ्यात गाठ आली तरच. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. एवढा फरक केवळ शस्त्रक्रियेच्या वेळेने पडावा, हे फार मोलाचं आहे.

कारण असं, की लगेच काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर सुमारे ३० टक्के रुग्णांत कॅन्सर सापडला. सोनोग्राफीला इतका बारीक आजार दिसत नाही. थांबलेल्यांच्या मानेत तो पुढे वर आला तेव्हा बराच वाढलेला होता. जखमेची खोली मात्र विचारून घ्या. ती ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर हा फायदा तितका स्पष्ट नाही.

शस्त्रक्रियेनंतर मानेत नळी असते. चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरहून कमी पाणी आलं की ती काढतात. डावी बाजू आहे म्हणून सांगतो : नळीतून दुधासारखं पांढरं पाणी आलं, विशेषतः जेवण सुरू केल्यावर, तर लगेच नर्सला दाखवा. तिथून जाणारी रसवाहिनी (आतड्यातून शोषलेली चरबी वाहून नेणारी नळी) दुखावलेली असू शकते. खांद्याची नस वाचवली तरी ताणली जाते, हात खांद्याच्या वर उचलायला जड जातो. नळी निघाली की फिजिओथेरपी सुरू करा, नाहीतर खांदा आखडतो.

शेक (रेडिएशन) लागणार का, ते रिपोर्टवर ठरतं : काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरमुक्त आहेत का, किती गाठींत आजार आहे, गाठीचं आवरण फुटलंय का. लागले तर शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. उशीर बऱ्याचदा दातांमुळे होतो. किडके, हलणारे दात शेकाआधी काढावे लागतात आणि हिरडी भरायला १० ते १४ दिवस जातात. शेकानंतर जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. तेव्हा दात काढला तर जखम भरत नाही, हाड कुजतं. म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे शस्त्रक्रियेआधीच जा.

प्रश्न : आईचे शेक संपून दोन महिने झाले. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. आपोआप सुटेल का?

उत्तर : नाही, उलट आवळत जाईल. शेकाने स्नायूंत तयार होणारे घट्ट धागे पुढेही कित्येक महिने वाढत राहतात. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा; ३५ मिलिमीटरच्या खाली म्हणजे तोंड आखडलेलं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये सरकवा, पुढच्या दातांत नको, ते हलतात. ताण जाणवेल पण दुखणार नाही इतक्याच काड्या, अर्धा मिनिट, असं पाच वेळा. दिवसातून किमान तीनदा. जमेल तशी एकेक काडी वाढवा. व्यायाम नियमित असूनही अंतर अचानक घटलं किंवा त्याच बाजूचा कान दुखू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सर्जनला दाखवा. आजार उलटलेला असू शकतो.

प्रश्न : काकांचा आजार पुन्हा आलाय, शस्त्रक्रिया शक्य नाही. इम्युनोथेरपीचा पूर्ण डोस परवडत नाही. कमी डोसचा उपयोग होतो?

उत्तर : होतो. टाटा मेमोरियलच्याच २०२२ सालच्या अभ्यासात अशा रुग्णांना तोंडावाटे घ्यायच्या तीन औषधांसोबत निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं) औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. एका वर्षानंतर फक्त ती तीन औषधं घेणाऱ्यांपैकी १६ टक्के हयात होते, निवोलुमॅबही घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के. आजार मुळापासून जाईल असं यातून समजू नका, पण वेळ मिळतो. डॉक्टरांशी नाव घेऊन बोला : ‘कमी मात्रेतलं निवोलुमॅब’. चालू असताना जुलाब, धाप किंवा कावीळ झाली तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी कळवा.