डिसेंबरच्या थंडीत नागपूरच्या फ्लॅटमध्ये कुंडीत मिरची लावता येईल का?

हो, नक्की येईल, फक्त बी रुजायला ऊब आणि रोप वाढायला भरपूर लाइट हे तुम्हालाच द्यावं लागेल, नुसतं खिडकीत ठेवून भागत नाही. मी दर हिवाळ्यात घरातच रोपं करतो, त्यावरून सांगतो. मिरचीचं बी 25 ते 30 डिग्रीत आठ-दहा दिवसांत उगवतं, 15 च्या खाली गेलं की नुसतं पडून राहतं आणि वरून पाणी जास्त झालं तर कुजतं, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 च्या आसपास येतोच. म्हणून बी कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) ट्रेमध्ये पेरून, ट्रे प्लास्टिकने झाकून घरातल्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात ठेवा. अंकुर दिसला की मात्र त्याच दिवशी प्लास्टिक काढून उजेडात न्या, नाहीतर रोप लांबुडकं होऊन मान टाकतं.

- पांढरा एलईडी वीतभर उंचीवर, रोज 12-14 तास
- बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी
- फुलं आल्यावर फांदीला हलकी टिचकी, घरात वारा नसतो म्हणून परागकण आपणच हलवायचे
- पानं उलटी करून मावा (रस शोषणारी बारीक कीड) बघत जा, बंद घरात तो फार लवकर पसरतो

एकच, की रात्री खोली 15 च्या खाली जात असेल तर फुलं गळतात, मग तेवढे दिवस फक्त रोप जगवा, फेब्रुवारीत बाल्कनीत काढलं की मिरच्या धरतात.