तेलविहिरीचे पाणी शेताला चालेल का?

प्रश्न : माझा भाचा राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातील तेलक्षेत्रावर नोकरीला आहे. तेलाबरोबर विहिरींतून भरपूर पाणीही वर येते, असे तो सांगतो. त्या वाळवंटी भागात लोक पाण्याच्या थेंबाथेंबासाठी झगडत असताना हे पाणी शुद्ध करून शेतीला का दिले जात नाही? पुण्याचे मैलापाणी प्रक्रिया करून शेतीला दिले जाते, मग त्या पाण्यानेच काय घोडे मारले आहे?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, परंतु या दोन पाण्यांची जात निराळी आहे. पुण्याचे प्रक्रिया केलेले मैलापाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपसा विहिरीतून, शेतीसाठी बेबी कालव्यात जाते; ते मुळात धरणाचे गोडे पाणीच असते. शहराने त्यात मिसळलेली घाण बहुतांशी सेंद्रिय असल्यामुळे जिवाणूंकरवी तिचे विघटन करता येते आणि उरलेला गाळ खाली बसवता येतो. तेलासोबत निघणारे पाणी मात्र लक्षावधी वर्षे खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून राहिलेले असते व त्या काळात खडकातील क्षार त्यात विरघळलेले असतात. त्याखेरीज बेंझीनसारखी तेलातील द्रव्ये, अमोनिया, बोरॉन, बेरियम आणि काही ठिकाणी किरणोत्सारी रेडियमही त्यात आढळते.

टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) हा शब्द बोअरवेलच्या कृपेने आता पुण्यातील प्रत्येक सोसायटीला पाठ झाला आहे, म्हणून त्याच मापाने पाहू. पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे 35,000 असते. अमेरिकेतील टेक्सास आणि न्यू मेक्सिको या कोरड्या राज्यांत पसरलेल्या पर्मियन खोऱ्यातील कित्येक विहिरींच्या पाण्यात ते एक लाखाच्याही पुढे जाते. लिटरला 1,20,000 मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्याचा 10,000 लिटरचा एक टँकर डोळ्यांपुढे आणा : त्यात 1,200 किलो मीठ विरघळलेले असते.

तेल वेगळे काढणे हा यातील त्यामानाने सोपा भाग आहे. पाणी टाक्यांत स्थिर ठेवले की बरेचसे तेल वर तरंगते. बारीक थेंब हवेच्या किंवा वायूच्या बुडबुड्यांना चिकटवून साय काढावी तसे वरून काढून घेतात. आणि त्यातूनही निसटलेले तेल अडवण्यासाठी चक्क अक्रोडाच्या टरफलांचा भरडा भरलेली गाळणी वापरतात. टरफल कठीण असते, तेल धरून ठेवते आणि उलट दिशेने पाणी सोडून धुतले की पुन्हा कामाला येते. कोट्यवधींच्या प्रकल्पात ही टरफले इतकी वर्षे टिकून आहेत, याची मौज वाटते.

खरी अडचण मिठाची आहे. पाणी जितके खारट, तितका आरओच्या (दाबाने पाणी गाळून क्षार मागे ठेवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर जास्त दाब द्यावा लागतो. लिटरला 70,000 मिलिग्रॅमच्या आसपास नेहमीच्या आरओची मर्यादा येते. त्यापुढे पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करावी लागते. समुद्राचे पाणी आरओने गोडे करण्यास घनमीटरला साधारण 3 ते 4 युनिट वीज पुरते. वाफेच्या पद्धतीला त्याच्या कितीतरी पट लागते. एवढे करूनही मीठ नाहीसे होत नाही, अधिक दाट होऊन मागे उरते. म्हणून अशा कोणत्याही योजनेची घोषणा झाली की किती पाणी मिळणार याच्या आधी मीठ कुठे टाकणार हे विचारावे, असे माझे मत आहे.

आता बाडमेरविषयी. तेथील मंगला क्षेत्राचा शोध 2004 मध्ये लागला आणि 2009 मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील तेल मेणचट असल्यामुळे ते गरम ठेवावे लागते. गुजरातकडे जाणारी वाहिनीदेखील तापवलेली आहे. तेल जसजसे निघते तसतसा भूगर्भातील दाब घटतो आणि तो टिकवण्यासाठी खाली पाणी सोडावे लागते. तेलासोबत आलेले पाणी त्याच कामासाठी परत खाली जाते, आणि कमी पडणाऱ्या पाण्यासाठी तेथे थुंबली भागातील खारे भूजल वापरले गेले आहे. म्हणजे आपल्याला वाया जाणारे वाटते ते पाणी रिकामे बसलेले नाही. ते शेताला दिले, तर तेवढेच दुसरे पाणी जमिनीतून उपसून तेलक्षेत्राला द्यावे लागेल.

पर्मियन खोऱ्यात परिस्थिती वेगळी आहे. तेथील घट्ट शेल खडकात पाणी परत भरता येत नाही आणि एका पिंप तेलामागे कित्येक पिंपे पाणी निघते. काही पाणी नव्या विहिरींत खडक फोडण्यासाठी पुन्हा वापरतात, आणि माझ्या मते हाच सर्वांत शहाणपणाचा उपयोग आहे, कारण त्यासाठी मीठ काढावे लागत नाही आणि तेवढे गोडे पाणी वाचते. उरलेले पाणी अन्य थरांत खोल सोडून देतात, पण त्यालाही मर्यादा आहे. ओक्लाहोमा राज्यात असे सांडपाणी खोल सोडल्यामुळे भूकंप वाढले. 2016 मध्ये पॉनी गावाजवळ 5.8 तीव्रतेचा धक्का बसला. न्यू मेक्सिकोने 2019 मध्ये या पाण्याविषयी स्वतंत्र कायदा केला, त्यामागे पाण्याची टंचाई होती तशीच ही विल्हेवाटीची कोंडीही होती.

प्रश्न : कॅलिफोर्नियात बदाम व संत्र्यांच्या बागांना तेलविहिरींचे पाणी देतात, असे वाचनात आले. ते खरे आहे का? अशी फळे खाण्यास सुरक्षित असतात का? आपल्याकडच्या जमिनीला असे पाणी मानवेल का?
— एक वाचक, दौंड, जि. पुणे

उत्तर : खरे आहे. कर्न परगण्यातील तेलक्षेत्राचे पाणी मुळातच बरेच गोडे आहे. तेल काढून, गाळून आणि इतर पाण्यात मिसळून ते 1990 च्या दशकापासून कावेलो पाणीवाटप संस्थेच्या शेतकऱ्यांना मिळते. अशा पिकांपासून आरोग्याला वाढीव धोका असल्याचे राज्याच्या जलमंडळाने नेमलेल्या तज्ज्ञगटाला दिसले नाही. मात्र मातीत मीठ आणि बोरॉन हळूहळू साठू शकते, याकडे ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी लक्ष वेधले आहे. हे यश यंत्रांपेक्षा त्या पाण्याच्या मूळ गुणाचे आहे, त्यामुळे त्याचा दाखला देऊन पर्मियनचे पाणी शेतात सोडता येणार नाही. ओमानमधील निम्र येथेही पाणी मचूळ आहे, समुद्राइतके खारट नाही; तेथे दररोज एक लाख घनमीटरहून अधिक पाणी उताराने बोरूच्या विस्तीर्ण पाणथळीतून नेतात. बोरूच्या मुळांशी वाढणारे जिवाणू उरलेले तेल खातात आणि शेवटी पाणी बाष्पीभवनाच्या तलावांत जाते. पाणी खोल ढकलण्याची वीज त्यामुळे वाचते.

आपल्या जमिनीबाबत आपण स्वतःच जाणकार असाल. सोडियम जास्त असलेले पाणी काळ्या जमिनीला सतत दिले, की मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, निचरा थांबतो आणि जमीन चोपण होते. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात अतिपाण्याने खारवट व चोपण झालेली रानेच्या राने आपण पाहिली असतील. जिप्सम टाकून आणि चर काढून ती सुधारायला किती वर्षे जातात, तेही ठाऊक असेल. बाडमेरच्या वाळूत निचरा चांगला, म्हणून तेथे चोपणाचे भय कमी. पण मीठ मग खाली भूजलात उतरते.

प्रश्न : मागे उरणारे मीठ विकून खर्च भरून निघणार नाही का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : साधे मीठ इतके स्वस्त आहे की तेलक्षेत्रापासून लांब नेण्याचे भाडेही सुटणार नाही, आणि त्यात बेरियम वा रेडियमचा अंश असल्यास ते कोणी घेणारही नाही. खाऱ्या पाण्यातील मोजकी मूलद्रव्ये मात्र विकली जातात : ओक्लाहोमात तेल-वायूसोबतच्या खाऱ्या पाण्यातून आयोडीन काढतात, आर्कान्सामध्ये खोल थरांतील खाऱ्या पाण्यातून अनेक दशके ब्रोमीन निघत आहे आणि त्याच थरांतून लिथियम मिळवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. मूलद्रव्य काढून घेतल्यावर उरलेले खारे पाणी तेथेही पुन्हा जमिनीखालीच सोडतात.