लाकडे फोडण्यासाठी हायड्रॉलिक यंत्र घ्यावे की फ्लायव्हीलचे?

आपली वखार मुंबईत असून आंबा, बाभूळ आणि चिंचेचे ओंडके रोज फोडावे लागतात, असे आपण लिहिले आहे. त्यासाठी मी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे यंत्रच सुचवेन. फ्लायव्हीलच्या यंत्रात फिरत्या जड चाकांत साठलेली ऊर्जा एका फटक्यात ओंडक्यावर येते, त्यामुळे सरळ तंतूंचे लाकूड २-३ सेकंदांत दुभंगते. परंतु चिंचेच्या पिळवटलेल्या, गाठाळ बुंध्यात तो फटका जिरतो आणि पाचर तिथेच अडकते. हायड्रॉलिक यंत्राला एका फेरीस साधारण १० ते २० सेकंद लागतात, पण त्याचा दाब शेवटपर्यंत टिकतो आणि गाठीचे तंतू करकरत तुटतात. पावसाळ्यात पाणी शिरून तेल दुधाळ दिसू लागले, तर ते लगेच बदलावे. दोन्ही हातांनी चालवायचा दांडा मात्र कामाच्या घाईत कधीही दोरीने बांधून ठेवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.