वाचकांचे प्रश्न : स्टोरेजची वाट वेगळी का असावी?

प्रश्न : आमच्या कार्यालयातील दोन सर्व्हर आयस्कझी (iSCSI, नेटवर्कवरून दूरची डिस्क वापरण्याची) पद्धतीने सामायिक स्टोरेजला जोडलेले असून सर्व संगणकही त्याच स्विचवर (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणाऱ्या उपकरणावर) आहेत. कोणी मोठ्या फाइल सर्व्हरवर चढवू लागले की हिशेबाची प्रणाली अडखळते. स्टोरेजसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेला स्वतंत्र आभासी विभाग) केल्यास पुरे होईल का?

उत्तर : व्हीलॅन अवश्य करावा, परंतु तेवढ्याने भागणार नाही. त्यामुळे ब्रॉडकास्ट (सर्व यंत्रांना एकदम जाणारे संदेश) आणि अनधिकृत प्रवेश यांना आळा बसतो. केबल मात्र तीच राहते, आणि १ गिगाबिटच्या केबलमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइटच जाऊ शकतात. फाइल पोहोचायला थोडा उशीर झाला तर माणूस थांबतो; डिस्कचे उत्तर उशिरा आले, तर त्या डिस्कवर चालणारी प्रत्येक प्रणाली खोळंबते, आणि विलंब फार लांबला तर सर्व्हर डिस्कच नाहीशी झाली असे समजतो.

म्हणून सर्व्हर आणि स्टोरेज या दोन्हींवर स्वतंत्र पोर्ट, आणि शक्य असल्यास स्वतंत्र स्विच द्यावा. माझ्या मते या खर्चात काटकसर करू नये. स्टोरेजच्या सबनेटला (नेटवर्कच्या त्या उपविभागाला) गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे जाणारी वाट, देऊ नये, कारण आयस्कझी स्वतःहून माहिती कूटबद्ध करत नाही.

जंबो फ्रेमची (नेहमीपेक्षा मोठ्या डेटा-पाकिटांची) घाई नको. एमटीयू (एका पाकिटाचे कमाल माप) १५०० बाइटवरून ९००० करताना वाटेतील एखादेही उपकरण जुन्या मापावर राहिले, तर छोटे संदेश सुरळीत जातात आणि मोठे मात्र अडकतात, त्यामुळे दोष लवकर सापडत नाही.